माहेराकडची बाजू

मामांनी आढ्याला खोचलेला कोयता काढला, पदराच्या टोकाने पुसावा तसा धोतराच्या सोग्याने पुसला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा होता तिथेच खोचून ठेवला.

“यंदा ह्याला सुट्टी,” ते म्हणाले. “खालचे येऊन माफी मागतीन, तव्हा उतरवू.”

चुलीपुढे मी भाकरी थापत होते. घट बसून दोन माळा झाल्या होत्या आणि आज गावाने वाट काढायला निघायचं, असं ठरलं होतं. मामांचं बोलणं ऐकलं आणि माझ्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेवढ्यातही म्हणाल्या, “भाकरीनं काय केलं गं तुझं?” भाकरीने काहीच केलं नव्हतं. करणारे दोघेही माझेच होते, एक वर आणि एक खाली.

मामा म्हणजे सांडूबा, माझे सासरे. ते माझे सख्खे मामाही होते. माझी आई आसराबाई ही त्यांची थोरली बहीण. ती टाकेवाडीची लेक, खाली तळबोरीला दिलेली. मी तळबोरीची लेक, वर टाकेवाडीला दिलेली. मधे सातमाळ्याचा डोंगर आडवा पडलेला. खाली खानदेश, वर मोगलाई. निजाम जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोन्ही जिल्हे एका राज्यात आले होते, पण तळबोरीची माणसं अजून “पोरगी मोगलाईत दिली” असंच म्हणत. टाकेवाडीवाले खालच्यांना “खानदेशी” म्हणत, आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. बोली वेगळी, भाकरीची जाडी वेगळी, नऊवारीचा काष्टा घालण्याची तऱ्हाही वेगळी. मी नवी नवी आले तेव्हा इथे-तिथेला ‘आठे’, ‘तठे’ म्हणाले की सगळं घर पोट धरून हसायचं. मग मी घरात टाकेवाडीचं बोलायला शिकले आणि मनात अहिराणी ठेवली.

डोंगराच्या माथ्यावर दगडांचा एक ढीग आहे. ती शीव. पावसाळ्यात दोन्ही गावांमधली पायवाट रानात बुडून जायची. घाणेरी, चिल्हार, बोराटी आणि कमरेएवढं कुसळी गवत. घट बसले की टाकेवाडीचे पुरुष आपल्या बाजूने शिवेपर्यंत वाट साफ करत, तळबोरीचे आपल्या बाजूने. दोन्ही टोकं दगडांपाशी मिळाली की दसऱ्याला दोन्ही गावं तिथे जमून एकमेकांना आपट्याचं सोनं देत. वरच्यांची बाजू लांब पण सपाट, खालच्यांची आखूड पण उभी. कष्ट कुणाचे जास्त, यावर आमच्या आजे-पणज्यांपासून वाद होता आणि तो गोडीचा वाद होता. एक नियम मात्र कुणी मोडत नसे. आपला कोयता शिवेपलीकडे चालवायचा नाही. पलीकडे एक फांदी जरी तोडली तरी ती वाटेसाठी तोडली असं कुणी मानत नसे, जमीन दाबायला तोडली असंच धरत. त्यावरून पूर्वी डोकी फुटली होती.

त्या वर्षी भांडण झालं ते एका अंजनाच्या झाडावरून. वळवाच्या वादळात शिवेवरचा जुना अंजन उन्मळून पडला. मुळं टाकेवाडीच्या बाजूला, शेंडा तळबोरीच्या. टाकेवाडी म्हणाली, ज्याचं मूळ त्याचं झाड. तळबोरी म्हणाली, ज्याच्या अंगणात पडलं त्याचं. झाड खरं म्हणजे सरकारचं होतं, पण हा विचार दोन्हीकडच्या एकाही शहाण्याच्या डोक्याला शिवला नाही. एके सकाळी तळबोरीवाल्यांनी खोड ओढून नेलं आणि मारुतीच्या देवळाला त्याची तुळई चढवली. पुढे होते उखा पाटील, म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मामांनी भरबाजारात त्यांना चोर म्हटलं. आप्पांनी तिथल्या तिथे सांगितलं, वरचे आधी वाट काढतील आणि चोर म्हटल्याची माफी मागतील, तोवर तळबोरीचा कोयता त्या झाडीला लागणार नाही. इकडे मामांचा कोयता आढ्याला.

सख्खे मेहुणे-मेहुणे दोघे. कुणी आधी वाकायचं, एवढाच प्रश्न. गाढवाने शेत खाल्लं ना पाप ना पुण्य म्हणून मीही सोडून दिलं असतं. पण या भांडणाला माझी मान अडकली होती.

माझं लग्न साट्यालोट्याचं होतं. तळबोरीने मला दिली, त्या बदल्यात टाकेवाडीने माझी नणंद गया माझ्या भावाला, हिलालला द्यायची. गया तेव्हा लहान होती म्हणून तिचं लग्न मागे राहिलं होतं. ते त्या मार्गशीर्षात ठरलं होतं. आणि आमच्याकडे लेक वाटेनेच चालत सासरी जाते. शिवेवर तिची ओटी भरतात आणि मगच ती पलीकडे पाऊल टाकते. मोटारीने घाटातून वळसा घालून नेलेली नवरी कुणी ऐकली नव्हती.

त्या रात्रीचं जेवण झालं आणि मामा ओसरीवर बसले. मला ऐकू जाईल अशा बेताने आत्याबाईंना म्हणाले, “दसऱ्याला शिवेवर सोनं दिल्या-घेतल्या गेलं नाही, तर सोयरीक मोडली समज. गया कुठं जायाची नाही.”

“अन् धुरपता?” आत्याबाईंनी विचारलं.

“साटंच मोडलं तर लोटं कामून ठेवायचं? जिची तिकडं.”

धुरपता म्हणजे मी. आत गया माझ्याजवळच बसली होती. तिने तोंडात पदर कोंबला आणि मुसमुसू लागली. तिला हिलाल आवडायचा. तो कधी वर आला की हिची भांडी घासून संपायची नाहीत. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि राग मला नेहमी कामाला लावतो. दोन वर्षं मी या घरात राबले होते, गोठा काढला होता, टाक्यावरून पाणी आणलं होतं, या माणसांच्या बोलीत बोलले होते. आणि मी इथे कशाच्या जोरावर होते, तर गयाच्या वजनावर. ती तागडीतून उतरली की मीही उतरायची.

नवऱ्याला विचारलं. कडुबा त्यांचं नाव. माणूस कामाला वाघ, वडिलांपुढे शेळी.

“तुम्ही काही बोलणार की नाही?”

“आबापुढं म्या काय बोलू?”

“म्हणजे मला पाठवून दिलं तरी?”

ते बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ पुसत होते, ती आधीच लख्ख होती. “दसऱ्याला वेळ हाये अजून,” एवढंच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मला दिसलं. पण पाण्याने वाट निघत नाही, कोयत्याने निघते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझाच कोयता घेतला, गुरांचा चारा तोडायचा, आणि गावाबाहेर जिथून वाट सुरू होते तिथे घाणेरीच्या पहिल्या झुडपाला घातला. दुसरा घाव घालते तोच मामा मागून आले.

“थांब. काय करू ऱ्हायली?”

“वाट काढतेय.”

“कुणाची सून तू?”

“तुमची.”

“मंग हा कोयता कुणाचा? आमचाच. गाव म्हनन, सांडूनं सुनेच्या हातून मान तुकवली. एक काडी तोडायची नाही ह्या बाजूची. समजलं?”

समजलं होतं. त्यांच्या बाजूने बघितलं तर ते खोटंही बोलत नव्हते. सून म्हणजे घराचा हात. मी कोयता खाली केला.

“मामा, मी शिवेपर्यंत जाऊन येते. माहेर तरी दिसेल वरून.”

“जा. बघायला कोणाची ना हाये?”

झाडोऱ्यातून अंग ओरबाडून घेत मी माथ्यावर पोचले. दगडांपाशी बसले. खाली तळबोरी दिसत होती, कौलं, मारुतीचं देऊळ, आमच्या मळ्यातली विहीर, आणि पलीकडे खानदेशाची काळी जमीन पार नदीपर्यंत. वारा वर येत होता आणि त्याला ओल्या कपाशीचा वास होता. मी बराच वेळ बसले. मामांचं बोलणं डोक्यात घोळत होतं, ‘कुणाची सून तू?’ घोळता घोळता मला हसू आलं. एकटीच हसले. मग उठले, पदर खोचला, दगडांना हात जोडले आणि दगड ओलांडून तळबोरीच्या बाजूची पहिली बोराटी तोडली.

संध्याकाळी हातावर रक्ताच्या रेघा घेऊन घरी आले. आत्याबाईंनी विचारलं तर खरं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. मामा मात्र आधी चकित झाले आणि मग मोठ्याने हसले.

“खालच्या बाजूची काढली? दाजीचं रान आमची सून साफ करून देऊ ऱ्हायली? कर बाई, कर! आपली बाजू तर जशीच्या तशी हाये. आपण कुठं वाकलो?”

मला तेच हवं होतं. त्यांनी अडवलं नाही म्हणजे झालं.

तळबोरीच्या आणखी तीन लेकी टाकेवाडीत दिलेल्या होत्या. भिकू त्यातली एक, माझ्याच गल्लीतली, बालपणीची. दुसऱ्या दिवशी मी तिला पाणवठ्यावर गाठलं.

“येशील?”

“डोकं फिरलं का तुझं? शीव ओलांडून कोयता? खालचे कापून काढतील.”

“कुणाला? भिकूला? पायऱ्यांवरून पडलीस तेव्हा ज्यांनी खांद्यावर घेऊन वैदूकडे नेलं, ते तुला कापतील?”

भिकूने कळशी भरली, रिकामी केली, परत भरली. “सासूला काय सांगू?”

“सांग, माहेराची वाट बघायला जाते.”

चौघी झालो. उतार उभा होता, पाय घसरायचे, चिल्हारीचे काटे लुगड्याला धरून मागे ओढायचे. भिकू शिव्या देत तोडायची, अस्सल अहिराणी शिव्या, ज्या तिने सासरी कधी तोंडातून काढल्या नव्हत्या. आम्ही तिच्या एकेका शिवीला हसायचो आणि कोयते जोरात चालायचे. वाट हळूहळू खाली सरकू लागली.

इकडे मामांनी एक घोळ केला. बाजाराच्या दिवशी चार माणसांत मिशीला पीळ देत म्हणाले, “टाकेवाडीची शीव सरकू ऱ्हायली खाली. आमच्या बाया आपसूक सरकवू ऱ्हायल्या.” त्यांनी थट्टेत म्हटलं असेल. पण बाजारातली थट्टा डोंगर उतरेपर्यंत तिची कुऱ्हाड होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निम्म्या उतारावर असताना खालून आवाज आले आणि झाडीतून सात-आठ माणसं वर आली. हातांत काठ्या, एक-दोघांच्या हातांत कुऱ्हाडी. पुढे आप्पा.

“कोन शे रे तठे? टाकेवाडीना कोयता आमना रानमा?”

भिकू माझ्या मागे झाली. मी वाटेच्या मधोमध उभी राहिले.

“मी शे, आप्पा.”

आप्पा थबकले. आखाजीच्या सणानंतर त्यांनी मला पाहिलं नव्हतं. माझे केस सुटलेले, हात ओरबाडलेले, कपाळावर चिखल. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर बाप आला आणि लगेच पाटील परत आला. आप्पा अहिराणीच बोलत होते, मीही. तुम्हाला समजावं म्हणून पुढचं मी जरा मोडून लिहिते.

“तू? तुला तुझ्या सासऱ्याने पाठवली?”

“नाही.”

“मग शीव ओलांडून आमच्या रानात कोयता कसा चालवतेस? टाकेवाडीची सून तू.”

“वर मी टाकेवाडीची सून. इथे मी कोण, आप्पा?”

मागचा एक जण म्हणाला, “हे बघ बाई, शब्दांचे खेळ नको. टाकेवाडीच्या घरातला कोयता आहे तो.”

“कोयता त्यांचा असेल काका, हात तळबोरीचा आहे. आखाजीला मी माहेरी येते, तेव्हा अंगण झाडते, शेण सारवते, मळ्यात निंदायला जाते. तेव्हा टाकेवाडीने आमचं घर दाबलं, मळा दाबला, असं कुणी म्हणतं का? ही तळबोरीची बाजू आहे. मी तळबोरीची आंडेर आहे. भिकूही आहे, या दोघीही आहेत. शिवेपलीकडचा हात एकही लागला नाही इथे. आम्ही माहेरची झाडलोट करतोय.”

आंडेर म्हणजे लेक. तो शब्द मी दोन वर्षांत मोठ्याने उच्चारला नव्हता. माणसं एकमेकांकडे बघू लागली. भिकूचा चुलता होता त्यांच्यात, त्याने कुऱ्हाड खांद्यावरून उतरवून पाठीमागे धरली.

आप्पा मात्र सहजासहजी हरणारे नव्हते. “बरं. तू आमची बाजू काढलीस. वरची बाजू? ती तर तशीच आहे. ही वाट शिवेपर्यंत जाईल आणि जंगलात घुसेल. सांडू तर हसतच असेल, दाजीच्या लेकीने दाजीचं रान फुकट साफ केलं म्हणून.”

“हसतायत,” मी म्हणाले. “त्यांची बाजू मला तोडता येत नाही. मी त्यांची सून. मी तोडली तर ते वाकले असं होतं. त्यांची बाजू त्यांच्या लेकी तोडतील.”

“त्यांच्या लेकी कुठे आहेत इथे?”

“तुमच्या घरात आहेत, आप्पा. चुलीपुढे.”

आप्पा हळूच एका दगडावर बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, “हात दाखव.”

मी हात पुढे केले. त्यांनी तळव्यांवरचे फोड पाहिले, मग कोयता हातात घेतला, धारेवरून अंगठा फिरवला आणि चुकचुकले. “ह्याने तोडतेस? ह्याने लोणी कापणार नाही.” त्यांनी बाजूचा एक ओला दगड घेतला आणि कोयत्याला धार लावायला बसले. भिकूचा चुलता म्हणाला, “उखा भाऊ, तुम्ही तर शपथ घेतली होती.”

“माझा कोयता झाडीला लागणार नाही म्हणालो होतो,” आप्पा म्हणाले. “लेकीच्या कोयत्याला धार लावणार नाही, असं कुठं म्हणालो?”

चौघींच्याही कोयत्यांना धार लागली. मग ती माणसं एक काडीही न तोडता खाली निघून गेली, आणि आम्ही त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तोडत होतो.

घरी जाऊन आप्पांनी आईला सगळं सांगितलं. आई नंतर मला म्हणाली, ‘तुझा बाप सांगत होता आणि मी भाकरी भाजत होते. शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी तवा उतरवून ठेवला.’ आप्पांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, “काही नाही. वरची बाजू माझी आहे. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.”

तळबोरीपर्यंतची आमची बाजू निघाली त्याच्या दुसऱ्या सकाळी आई वर आली. मागे पाच-सहा बायका, सगळ्या टाकेवाडीच्या लेकी, एक तर सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चढणारी म्हातारी. नव्या वाटेने त्या अशा चढल्या की जणू रोज चढतात. मी शिवेवर पाण्याची कळशी घेऊन बसले होते. आई माझ्याजवळ थांबली, तिने माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. दगड ओलांडले आणि टाकेवाडीच्या बाजूच्या घाणेरीत शिरली.

माझे हात शिवशिवत होते. पण ती बाजू माझी नव्हती. मी पाणी देत राहिले.

आवाज ऐकून मामा आले, हातात काठी. त्यांच्यामागे टाकेवाडीचे पुरुष, आणि सगळ्यांच्या मागे कडुबा. समोर आपली थोरली बहीण बघितल्यावर मामांची काठी आपोआप खाली आली.

“आक्का? तू? आमच्या रानात?”

“आमच्या?” आई कोयता न थांबवता म्हणाली. “तू कव्हापासून एकटा जन्मलास रे सांडू?”

“तसं नाही, आक्का. पण गावाचा निर्णय हाये. आपण आधी वाकायचं नाही.”

“मंग वाकू नको. उभा राह्य. तोडू तर म्या ऱ्हायले.”

मागे कुणीतरी फसकन हसलं. मामा लाल झाले. “दाजीनं पाठवलं तुला?”

आता आईने कोयता थांबवला. घाम पुसला. “सांडू, ह्याच वाटेनं मला लावून दिलं. माय मेलेली, तू एवढुसा, माह्या पदराला धरून शिवेपर्यंत आलास अन् तिथून तुला ओढून माघारी नेलं. म्या रडत रडत खाली उतरले. तव्हा कोणी म्हनलं नाही, ही शीव हाये, इथं विचार करा. आता म्या माह्या पायानं वर आले, तर तुला शीव आठवली?”

मामांनी मान खाली घातली. त्यांच्या हातातली काठी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली, परत पहिल्या हातात घेतली. मग म्हणाले, “चिल्हारीचे काटे लई वंगाळ हायेत ह्या बाजूला. जपून तोड.” आणि मागे वळून गावकऱ्यांवर खेकसले, “बघता काय? लेकी माहेरी आल्यात. जाऊन चहा ठेवायला सांगा!”

दसऱ्याला दोन्ही गावं शिवेवर जमली. तळबोरीवाले म्हणत होते, आम्ही कोयता लावला नाही. टाकेवाडीवाले म्हणत होते, आम्हीही नाही. दोघांचंही खरं होतं. आपण जिंकलो असं दोघांनाही वाटत होतं आणि त्या आनंदात अंजनाच्या खोडाचं नाव कुणी काढलं नाही. मामांनी आप्पांच्या हातात आपट्याची पानं दिली, “घ्या दाजी, सोन्यासारखे ऱ्हा.” आप्पांनी त्यांना छातीशी धरलं. गया मागे बायकांत उभी होती, तिचा चेहरा पाहून मला माझ्या फोडांचा विसर पडला.

मग मामा माझ्याकडे वळले. खुशीत होते. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, “झालं बाई तुझ्या मनासारखं! आता गया जाईन खाली, अन् तू ऱ्हाय वर निवांत.”

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही ते ‘ऱ्हाय’ माझ्या काळजाला लागलं. एवढं सगळं करून मी पुन्हा त्याच तागडीत.

“मामा,” मी म्हणाले, “गया गेली म्हणून मी राहायचं. उद्या काही बिनसलं आणि गया परत आली, तर मी जायचं?”

“साटंलोटं हाये बाई. तसंच अस्तं ते.”

“मग मी आजच जाते.”

आत्याबाईंनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

“गयाचं लग्न ठरल्यासारखं होऊ द्या. तुम्ही सगळ्यांदेखत सोनं दिलंय, तो शब्द आता फिरत नाही. ती तिच्यासाठी जाईल. मी इथे राहीन तीही माझ्यासाठी. गयाच्या बदल्यात नाही. ज्याला मी हवी असेन, तो मला न्यायला येईल.”

मी कडुबाकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता. आईच्या मागे शीव ओलांडली आणि मी खाली उतरले.

आप्पा वाटभर बोलत होते. भावाचं लग्न मोडशील, लोक हसतील, नवरा सोडून आलेली म्हणतील. आई मात्र पुढे चालत होती आणि एकदाही मागे वळली नाही. मामांचा निरोप दोन दिवसांत आला. ‘सून आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईन. आमच्याकडून कोणी न्यायला येणार नाही. गयाचं लग्न मात्र होईन.’ गयाचा शब्द त्यांनी मोडला नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. हिलालला ओवाळताना त्याने हळूच विचारलं, “ताई, मी जाऊन बोलू का?” मी म्हणाले, “तू तुझं लग्न सांभाळ.” शेजारणी कपाशी वेचताना माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायच्या. मी सगळ्यांच्या पुढे वेचायची. भीती वाटत नव्हती असं नाही. कधी कधी विहिरीवर पाणी शेंदताना नजर डोंगराकडे जायची आणि पोहरा विहिरीतच राहायचा. पण माझ्या शब्दावरून मी मागे येणार नव्हते. मागे आले असते तर जन्मभर कुणाच्या तरी बदल्यातच राहिले असते.

मग एका दुपारी मी ओटीत कापूस भरून बांधाकडे येत होते, तर बांधावर कडुबा उभे होते. पायात वहाणा, धोतराला गवताची कुसळं चिकटलेली. आप्पा पलीकडे मोट सोडत होते, ते जागच्या जागी थांबले.

मी चार हातांवर उभी राहिले.

“कुणी पाठवलं?”

“कोणी नाही.”

“मामांना माहीत आहे?”

“सांगून आलो.” आयुष्यात पहिल्यांदाच ते वडिलांना काहीतरी सांगून आले होते, आणि त्या सांगण्याची धाप अजून उतरली नव्हती. “आबा म्हनले, गेलास तर ह्या वाटेनं माघारी येऊ नको.”

“मग?”

त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

“मंग म्या म्हनलं, आबा, वाट काय तुम्ही काढली का?”

मी ओटीतला कापूस बांधावरच्या ढिगात ओतला. आप्पांकडे पाहिलं. ते घाईघाईने तोंड वळवून बैलाला काहीतरी सांगू लागले.

“बसा,” मी कडुबांना म्हणाले. “मायला सांगून येते. जेवून निघू.”